जपानला पहिल्यांदाच जातोय: चार माणसं, दहा दिवस, एक सासूबाई (मदत हवी)

मोरपंखी | १२ जानेवारी २०२५

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात जपानला जायचं ठरतंय. चौघं आहोत. मी, नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय ७१, गुडघे कुरकुरतात, पण हौस आमच्या तिघांपेक्षा जास्त). आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. नवरा आणि मुलगा सगळं खातात. मी घरी शाकाहारी, बाहेर 'बघू'.

एका टूर कंपनीने २ ते १२ मे असा आराखडा दिलाय: टोकियो २ रात्री, हाकोने १, ताकायामा १ (जाता जाता शिराकावा-गो), क्योतो २, नारा धावतं, ओसाका १, हिरोशिमा १, परत टोकियो १. सोबत सात दिवसांचा जेआर पास (जपान रेल्वेचा). किंमत ऐकून नवरा पाणी प्यायला उठला.

स्वतःहून जमेल का? हा आराखडा बरा आहे का? आई काय खातील? जपानी भाषेत आम्हाला फक्त 'सायोनारा' येतं.

---

खडूस | १२ जानेवारी

ही सहल आहे की टपालखात्याची फेरी? नऊ रात्रींत सात हॉटेलं. रोज सकाळी बॅग भरणार, दुपारी तीनपर्यंत खोली मिळणार नाही, संध्याकाळी गुडघे बोलणार. सासूबाईंनी परत आल्यावर 'जपानात काय पाहिलं' याचं उत्तर 'लॉबी' असं दिलं तर मला दोष देऊ नका.

---

निशीकासाईकर | १३ जानेवारी

टोकियोत चौदा वर्षं राहतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी तारखा बदला. २९ एप्रिल ते मेचा पहिला आठवडा इथे गोल्डन वीक असतो. यंदा ४ मे रविवारी आल्यामुळे ६ तारखेलाही बदली सुट्टी आहे. अख्खा देश गाडीत बसलेला असतो, हॉटेलचे भाव दीडपट-दुप्पट. १० मेनंतर या. हवा छान, गर्दी ओसरलेली, जूनचा पाऊस (इथे त्याला त्सुयू म्हणतात) अजून लांब. आपल्या शाळांना सुट्टी असतेच.

दुसरं, जेआर पास. जुने लेख वाचून सगळे अजून 'पास घ्याच' म्हणतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून थेट ५०,००० येनवर गेला. टोकियो ते क्योतो शिंकानसेनचं (बुलेट ट्रेनचं) साधं आरक्षित तिकीट १४ हजारांच्या आसपास. म्हणजे जाऊन-येऊन २८ हजार. वर क्योतोहून हिरोशिमाला जाऊन आलात तरी कसेबसे बरोबरीला याल, आणि सगळ्यात जलद 'नोझोमी' गाडीला पासवर वेगळे पैसे पडतात ते निराळेच. तुम्हाला पास नको. सुटी तिकिटं घ्या, महिनाभर आधी मिळतात.

तिसरं, टोकियोत उतरा आणि ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून परत जा. परतीचा एक दिवस वाचतो.

मी असतो तर टोकियो तीन रात्री, क्योतो सहा रात्री, बस्स. नारा क्योतोहून पाऊण तास, ओसाका अर्धा तास, हिरोशिमा पावणेदोन तास. सगळं सकाळी जाऊन रात्री परत. ओसाकात मुक्काम तर यंदा टाळाच. १३ एप्रिलपासून तिथे एक्स्पो (जागतिक प्रदर्शन) सुरू होतोय.

आणि बॅगा. मोठी बॅग घेऊन शिंकानसेनमध्ये चढू नका. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंमीच्या वर गेली तर त्यासाठी वेगळी सीट आरक्षित करावी लागते. हॉटेलच्या काउंटरवर 'ताक्युबिन' म्हणा. बॅगेमागे साधारण दोन-अडीच हजार येन पडतात आणि दुसऱ्या दिवशी ती क्योतोच्या हॉटेलात तुमच्या आधी पोचलेली असते. एक रात्र पुरेल इतके कपडे पाठपिशवीत ठेवा.

---

भटकीमांजर | १३ जानेवारी

+१. फक्त एक भर. टोकियोहून क्योतोला जाताना उजवीकडची 'ई' सीट घ्या. सुटल्यावर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी फुजी दिसतो. दिसला तर. मी चारदा गेलेय, एकदा दिसला. तेवढ्यासाठी हाकोनेचा मुक्काम वाचवला तर वाईट नाही.

---

मोरपंखी | १४ जानेवारी

बाप रे, पासाचं हे कुणीच सांगितलं नव्हतं! नवऱ्याने लगेच कागद घेऊन हिशेब मांडला. तारखा १० ते २० मे करतोय. आईंनी कालनिर्णय काढून पाहिलं, त्यात एकादशी येत नाही. १६ ला संकष्टी मात्र येते, आणि त्या दिवशी आम्ही क्योतोत असू. आता खाण्याचं सांगा कुणीतरी.

---

चिंचगुळाची आमटी | १४ जानेवारी

दोन वर्षं नागोयात काढली, पूर्ण शाकाहारी राहून. उपाशी मेले नाही, उलट तीन किलो वाढले. पण गैरसमज आधी दूर करते.

जपानात 'मांस नको' म्हटलं की ते प्रामाणिकपणे मांस काढतात आणि मासा ठेवतात. खरी अडचण मासाही नाही. तो दिसतो तरी. अडचण आहे 'दाशी'. म्हणजे वाळवलेल्या बोनितो माशाच्या चुऱ्याचं आणि समुद्री शेवाळाचं पाणी. मिसो सूप, उडोन-सोबा नूडल्सचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, अगदी निरागस दिसणारं टोफूसुद्धा त्यात मुरलेलं असतं. आपल्याकडे फोडणीत हिंग असतो तसं हे सगळीकडे. हिंगाला कुणी 'पदार्थात हिंग आहे' असं सांगतं का?

म्हणून वाक्य पाठ करा: 'निकु तो साकाना वा ताबेमासेन. दाशी मो दामे देस.' (मांस-मासे खात नाही, दाशीही चालत नाही.) जपानी लिपीत छापून आईंच्या पर्समध्ये ठेवा. उच्चारापेक्षा कागद बरा.

काय मिळतं ते सांगते. कोंबिनीत (कोपऱ्यावरचं चोवीस तास दुकान) उमेबोशी घातलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा त्रिकोण आणि आत खारवलेलं आंबट फळ. चव थेट आपल्या लोणच्याच्या बरणीतली. तांदळाचे दांगो, लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड सारण भरलेले मोची. जेली आणि मऊ पुडिंगं टाळा, त्यात जिलेटिन असतं. टोकियो स्टेशनच्या आत 'टीज तानतान' नावाचं पूर्ण शाकाहारी रामेनचं दुकान आहे, तिथे मी रडले होते (आनंदाने). क्योतोत देवळांजवळ 'शोजिन र्योरी' मिळतं, बौद्ध भिक्षूंचं जेवण. महाग, पण मासा नाही, कांदा-लसूणही नाही. आईंना यापेक्षा सोवळं काय मिळणार?

---

पोहेप्रेमी | १५ जानेवारी

एवढा व्याप कशाला? थेपले, लाडू, गरम पाण्याचे उपमा-पोहे न्या. प्रत्येक खोलीत किटली असते. प्रश्न मिटला.

---

खडूस | १५ जानेवारी

जपानला जाऊन पाकिटातले पोहे. मग सिंहगडावर जा, झुणका तरी ताजा मिळेल.

---

पोहेप्रेमी | १५ जानेवारी

@खडूस, ७१ वर्षांची बाई सकाळी सहाला उठते, हॉटेलचा नाश्ता सातला, आणि त्यातही तिला चालेल असं फक्त केळं. तेव्हा पाकीटच कामाला येतं. आईला घेऊन फिरलात का कधी?

---

खडूस | १५ जानेवारी

बरं. पोहे न्या.

---

गोळीबिळी | १६ जानेवारी

फार्मासिस्ट आहे म्हणून लिहिते, याकडे कुणी लक्ष देत नाही. बीपी, शुगर, थायरॉइड अशी डॉक्टरांनी दिलेली औषधं एका महिन्यापुरती नेता येतात. त्याहून जास्त न्यायची तर आधी परवानगीचा कागद लागतो. दहा दिवसांना एक महिन्याचा साठा पुरे, चिठ्ठी सोबत ठेवा. सर्दीच्या गोळ्या मात्र तपासा. १० टक्क्यांहून जास्त सुडोएफेड्रिन असलेलं औषध जपानात नेताच येत नाही, आणि कोडीनचं कफ सिरपही घरीच राहू द्या.

तसंच ताजी फळं, भाज्या, मांसाचे पदार्थ नेऊ नका. मे महिना आहे म्हणून सांगते: कुणासाठी हापूसची पेटी न्यायची लहर आली तर ती मुंबईतच संपवा.

---

निशीकासाईकर | १६ जानेवारी

हापूसचं वाचून गलबलून आलं. असो.

व्हिसाचं राहिलं. भारतीयांना आता पर्यटनाचा ई-व्हिसा मिळतो, अर्ज व्हीएफएसच्या (व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या) केंद्रातून. एक खोच आहे: विमानतळावर तो फोनवर इंटरनेट सुरू ठेवून 'लाइव्ह' दाखवावा लागतो. प्रिंट, पीडीएफ, स्क्रीनशॉट चालत नाही. चौघांचा वेगवेगळा. निघण्याआधी ते पान उघडून पाहण्याचा सराव करा. 'व्हिजिट जपान वेब' या सरकारी साइटवर इमिग्रेशन-कस्टम्सची माहिती भरून क्यूआर कोडही घरूनच काढून ठेवा.

पैसे: सेव्हन-इलेव्हन दुकानातल्या एटीएममध्ये परदेशी कार्डं चालतात. शंभर येन म्हणजे साठ रुपयांच्या खालीच धरा. मेट्रोसाठी विमानतळावरच 'वेलकम सुइका' कार्ड घ्या, अठ्ठावीस दिवस चालतं, अनामत नाही. मुलाचं लहानांचं कार्ड पासपोर्ट दाखवून काउंटरवर घ्या, अर्धं भाडं लागतं.

क्योतोत मात्र बसच्या मागे लागू नका. बसभाडं मोठ्यांना २३०, लहानाला १२०, म्हणजे तुमचे एका खेपेचे ८१०, आणि उभं राहून. थोडे पैसे घालून टॅक्सी करा. दार आपोआप उघडतं, ओढू नका, चालक मनातून कळवळतो.

---

सिंहगडरोड | १८ जानेवारी

पुण्याचे आहात का? मग एक वेडं सुचवणं. आपलं पु. ल. देशपांडे उद्यान ज्याच्यावरून केलंय ते मूळ कोराकुएन उद्यान ओकायामात आहे. क्योतोहून नोझोमीने तासभर. सपाट आहे, गुडघ्यांना त्रास नाही. १७०० साली पूर्ण झालेली बाग. मी गेलो तेव्हा पहिला विचार काय आला? 'इथे शिट्टी मारून गवतावरून उठवणारा वॉचमन नाही.'

---

मोरपंखी | २ मार्च

धागा वर काढतेय. तिकिटं झाली: मुंबई-बँकॉक-हानेदा, परत कान्साईहून. हॉटेलं झाली. क्योतोत छोटं किचन असलेली अपार्टमेंट खोली घेतलीय.

नवीन प्रश्न. आईंनी सकाळी चहा पिता पिता विचारलं, "तिकडे संकष्टीला चंद्रोदय आपल्याकडचा धरायचा की त्यांचा?" मला उत्तर देता आलं नाही. शिवाय उपासाला काय? आणि त्या दिवशी गणपतीचं दर्शन कुठे? मी म्हटलं, "आई, जपान आहे ते."

---

आर्द्रा | २ मार्च

थांबा थांबा. जपान आहे म्हणून काय झालं? गणपती आहे ना तिथे!

त्याचं तिथलं नाव कांगितेन किंवा शोतेन. बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे गेलेला. टोकियोत असाकुसा भागात, सुमिदा नदीजवळच्या एका टेकाडावर 'मात्सुचियामा शोदेन' नावाचं देऊळ त्याचंच. मूर्ती दिसणार नाही, ती कायम झाकलेली असते. पण तिथला नैवेद्य बघा: मुळा. पांढराशुभ्र जाडजूड दाइकोन. देवळातच विकत मिळतो, लोक तो ठेवून नमस्कार करतात. देवळावर जागोजागी मुळ्याचं आणि पैशाच्या बटव्याचं चिन्ह कोरलंय. गुडघ्यांची काळजी नको, वर जायला एक छोटासा रुळांवरचा पाळणा आहे.

क्योतोतलं तर त्याहून भारी. गिओनमध्ये, यासाका देवळाच्या जवळ 'कामेया कियोनागा' नावाचं १६१७ पासूनचं मिठाईचं दुकान आहे. तिथे 'सेइजो कांगिदान' मिळतं. कांगिदान म्हणजे कांगितेनचा नैवेद्य. म्हणजे काय ते तुम्हीच ओळखा. पाकळ्या काढून वर चिमटलेलं, तिळाच्या तेलात तळलेलं, आत अझुकीचं सारण आणि सात सुगंधी द्रव्यं.

मोदक आहे हो तो. बाराशेहून जास्त वर्षांपूर्वी निघालेला तळणीचा मोदक.

---

चिंचगुळाची आमटी | २ मार्च

अंगावर काटा आला!! दोन वर्षं राहून मला हे माहीत नव्हतं. उपासाचं मी सांगते: सुपरमार्केटात भाजलेली रताळी मिळतात, 'याकी-इमो'. मधासारखी गोड. केळी आहेतच.

---

निशीकासाईकर | ३ मार्च

चंद्रोदय जिथे आहात तिथला. आमच्या टोकियो मराठी मंडळींत यावर वाद झालेले आहेत, निकाल हाच लागला.

---

खडूस | ३ मार्च

हा धागा जपानचा राहिला नाही, पण वाचनखूण साठवली.

---

मोरपंखी | ८ जून

मंडळी, जाऊन आलो! तुमच्यामुळे जमलं, म्हणून वृत्तांत देणं भाग आहे. सगळं नाही लिहीत, लोक कंटाळतील.

चुकलेलं आधी. पहिल्याच दिवशी शिंजुकू स्टेशनात पाऊण तास हरवलो. बाहेर पडायची इतकी दारं आहेत की नवरा म्हणाला, एकदा चुकीच्या दाराने बाहेर पडलं की वेगळ्याच शहरात आलो असं वाटतं. हॉटेलची खोली फोटोत मोठी होती. प्रत्यक्षात एक बॅग उघडली की दुसरीला उभं राहावं लागे. कचरापेट्या रस्त्यावर नाहीतच, केळ्याची सालं माझ्या पर्समधून हॉटेलपर्यंत आली. फुजी दिसला नाही. भटकीमांजर, तुझी एक संधी मला दे.

आणि एक मोठं सुख, जे कुणी लिहिलं नव्हतं: पाण्याच्या फवाऱ्याची संडासं. अगदी स्टेशनातसुद्धा. युरोपात आईंनी जे हाल सोसले होते त्याची भरपाई झाली. बटणांचा अर्थ मुलाने लावून आजीला शिकवला. जास्त तपशील देत नाही.

मात्सुचियामाला गेलो. पाळणा आहे, चालतो, फुकट आहे. आईंनी मुळा घेतला, ठेवला, आणि तिथेच हळू आवाजात अथर्वशीर्ष म्हटलं. शेजारी एक जपानी आजी हात जोडून उभ्या होत्या. त्या आईंचं संपेपर्यंत थांबल्या, मग वाकल्या. आई पण वाकल्या. मग त्या परत वाकल्या. कोण थांबणार हे कळेना, शेवटी मुलगा हसला म्हणून सुटका झाली.

क्योतोत १५ तारखेला आओई मात्सुरीची मिरवणूक होती. आम्हाला माहीतही नव्हतं, टॅक्सीवाल्याने हाताने दाखवलं. बैलगाडीला जांभळी फुलं लटकवलेली. आईंचं मत: "बैल चांगले राखलेत."

सांजुसांगेंदो देऊळ जरूर करा. सपाट आहे, बूट काढून लाकडी जमिनीवरून चालायचं, कान्नोनच्या (करुणेच्या बोधिसत्त्वाच्या) १००१ मूर्ती. पुढच्या रांगेत बासरी वाजवणारा एक पक्षीमुखी आहे, तो गरुड! आईंनी नाव न वाचताच ओळखला. नाराच्या तोदाइजी देवळात कळलं की ७५२ साली त्या महाबुद्धाचे डोळे उघडण्याचा विधी बोधिसेन नावाच्या भारतातून आलेल्या भिक्षूने केला होता. मुलाने त्याच्यापेक्षा हरणांवर जास्त वेळ घालवला. एका हरणाने आमचा नकाशा खाल्ला.

हिरोशिमा सोडलं आणि ओकायामाला गेलो. सिंहगडरोड, खरंच तसंच आहे! आई पुलावर उभ्या राहून म्हणाल्या, "आपल्याकडे इथे डावीकडे भेळवाला येतो." म्हणजे बाहेर, फाटकाशी. तरी मला भेळेची आठवण आलीच.

आता संकष्टी. दिवसभर केळी आणि रताळं. दुपारी गिओनमधल्या त्या दुकानात गेलो. कांगिदान छोट्या लाकडी पेटीत मिळालं, मुठीत मावेल एवढं, खजिन्याच्या पुरचुंडीसारखं. रात्री साडेदहा उलटल्यावर फोनमध्ये चंद्रोदय पाहिला. खिडकीतून ढगांशिवाय काही दिसेना. आईंनी त्या दिशेला हळदकुंकू वाहिलं (पाकिटात आणलं होतं), पेपर नॅपकिनवर कांगिदान ठेवलं, नैवेद्य दाखवला.

मग खाल्लं. बाहेरून इतकं कडक की आईंची दाढ विचार करायला लागली. आत गडद, लवंग-दालचिनीकडे जाणारा, थोडा देवघरातल्या धुपासारखा वास. गोड, पण आपलं गोड नाही. आम्ही तिघं आईंच्या तोंडाकडे बघत होतो.

त्यांनी सावकाश चावून संपवलं, बोटं पुसली आणि म्हणाल्या, "तूप सोडायचं विसरलेत. पण आहे त्याचाच."

---

आर्द्रा | ८ जून

वाचून झाल्यावर पाच मिनिटं काही सुचलं नाही. धन्यवाद, मोरपंखी.

---

खडूस | ९ जून

छान वृत्तांत. मला आईला घेऊन नोव्हेंबरात जायचंय. पाळण्याची वेळ किती ते बघितलंत का? आणि पोहे कुठल्या कंपनीचे नेले होतेत?